घागरींची रांग
टँकरच्या डिझेलचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि दुष्काळ होता. टँकरचा नेम नसायचा, म्हणून गावातल्या बाया सकाळीच घागरी रांगेत मांडून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या आणि राखणीला बसलेली माझी चुलती नंबरानं पाणी भरून घ्यायची. कधी भांडण झालं नाही. एक दिवस नव्या जिल्हा कचेरीतल्या साहेबांनी घागरी बाजूला फेकायला लावल्या; जो स्वतः उभा राहील त्यालाच पाणी. चुलती म्हणाली, "साहेब, घागर हाय म्हंजे बाई हाय." दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून सगळं गाव टँकरवर तुटून पडलं. साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा, इथल्या लोकांना रांग माहीत नाही." आज मी आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकांना असतो; तिथं कुणी लोकांना शिस्त लावायचं बोललं, की मी विचारतो, त्यांची रांग मोडली कोणी?