बसून घेतलेलं माप

स्वयंपाकघराच्या कपाटात सरकते खण बसवणं, ट्रॉल्या म्हणा हवं तर, हे सूतभरमामांचं काम. खरं नाव विचारलं तर ते स्वतःही क्षणभर विचारात पडत. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, आणि "सूतभर कमी", "सूतभर जास्त" याखेरीज दिवसभरात त्यांच्या तोंडून फारसं काही निघत नसे. जेवायला बसले की ताटसुद्धा सूतभर डावीकडे सरकवत, मगच पहिला घास घेत. बायकोने याबद्दल बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं.

खण दोन बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांवर, म्हणजे चॅनेलवर, धावतो. त्यासाठी दोन्हीकडे बरोबर चार-चार सूत जागा सोडायची असते. कमी पडली तर खण अडतो, जास्त झाली तर खुळखुळतो. मामांची परीक्षा मात्र त्याहून कडक. खणात काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवायची आणि एका बोटाने तो आत ढकलायचा. थेंब सांडला तर सगळे स्क्रू पुन्हा काढायचे. एखादी गिऱ्हाईक बाई वैतागून म्हणे, "अहो मामा, मी काय खणात पाणी ठेवणार आहे?" मामा म्हणत, "तुम्ही नाही ठेवणार, पण मला झोप लागली पाहिजे ना."

असे हे मामा आपल्या सख्ख्या बहिणीच्या स्वयंपाकघरात चुकले, आणि चांगले वीतभर चुकले.

आक्का त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. एकटी राहायची आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिच्या ओट्याखालची कपाटं जुन्या पद्धतीची, खोल आणि काळोखी. मागचं पातेलं हवं असेल तर जमिनीवर बसून अर्धं अंग आत घालायचं. गेल्या महिन्यात ती अशीच बसली आणि तिला उठता येईना. शेजारीण योगायोगाने आली तोवर दोन तास गेले होते. आक्काच्या म्हणण्याप्रमाणे ते दोन तास तिने कपाट पुसण्यात घालवले, त्यामुळे ते वाया गेले असं कोणी म्हणू नये.

मुलाला कळलं. त्याने फोनवर सांगून टाकलं, "आई, आता पुरे. रविवारी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव."

"रविवारी ये, जेवायलाच ये," आक्का म्हणाली. "जमिनीवर न बसता, कोणाला हाक न मारता मी तुला जेवू घालते. जमलं तर मी इथंच राहणार. नाही जमलं तर मुकाट्याने गाडीत बसते."

मुलगा कबूल झाला. आक्काने फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला, धाकट्या भावाला.

मामा बुधवारी हजर झाले. मापं घेताना त्यांनी आक्काला ओट्यापुढे उभं केलं. "हात खाली सोड. आता मूठ धर, जणू खण ओढतेस." आक्का ताठ उभी राहिली. त्यांनी तिच्या मुठीच्या उंचीवर खडूची खूण केली. तीन दिवस करवत चालली, प्लायवूडचा भुसा साखरेच्या डब्यापर्यंत पोचला, आणि आक्का सतत आसपास उभी राहून चुका काढत होती. लहानपणी याला पतंगसुद्धा सरळ चिकटवता येत नव्हता, हे तिने त्यांना निदान चार वेळा ऐकवलं. मामा मनातून खूश होते. या वयात आपल्याला रागावणारं माणूस शिल्लक आहे, याचं त्यांना फार सुख वाटायचं.

शुक्रवारी संध्याकाळी शेगडीखाली तीन खण बसले. वाटी आत गेली, बाहेर आली, थेंब सांडला नाही. आक्काने उभ्याने तिन्ही खण उघडून पाहिले आणि म्हणाली, "बरं जमलंय." तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच झालं.

शनिवारी सकाळी मामा विसरलेला गुण्या, काटकोन तपासायची पट्टी, न्यायला परत आले. दार लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात पाहतात तर आक्का शेगडीपुढे एका उंच स्टुलावर बसलेली. खण चार बोटं उघडून तिच्या गुडघ्यांवर अडकला होता, आणि त्या फटीत बोटं घालून ती डाव ओढून काढू पाहत होती. तो निघत नव्हता.

हे स्टूल तीन दिवसांत त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

"हे कुठं होतं?"

"दाराआड," आक्का म्हणाली. वळली नाही.

"कधीपासून बसून करतेस?"

"झालं दीडेक वर्ष."

"आणि तीन दिवस माझ्यापुढे उभी राहिलीस? मला सांगायला काय झालं होतं?"

"तू पोराला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं."

"म्हणून नाही सांगितलं." मग ती म्हणाली, "आणि तुझ्यासमोर बसून काम करायला बरं नाही वाटत. तुला कडेवर घेऊन मी जिने चढलेय."

मामांना राग आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम कसं करायचं हे न कळून त्यांनी खिशातून टेप काढली. आक्का उठू लागली.

"बस. हलू नकोस. आता डोळे मीट आणि स्वयंपाक कर."

"कसला?"

"खोटा. मीठ घे, डाव घे, झाकण घे. हात जाईल तिथं जाऊ दे."

आक्काने डोळे मिटले. हात डावीकडे गेला, तिथे मामांनी खडूने मीठ लिहिलं. उजवीकडे खाली गेला, तिथे पातेली. पुढे, गुडघ्यांच्या जागी, तो एकदाही गेला नाही. मामांनी खुणा पाहिल्या आणि चष्मा पुसला.

मग दिवसभर जे चाललं त्याला मोडतोडच म्हणायला हवं. शेगडीखालचं कपाट दारांसकट आणि तळाच्या फळीसकट निघालं. पाय आत घेऊन बसता येईल अशी तिथे मोकळी जागा झाली. खण दोन्ही बाजूंच्या कपाटांत न्यायचे होते, पण डावं कपाट दोन इंच अरुंद. म्हणजे खण खोलायचा, कापायचा, पुन्हा जोडायचा. आक्का स्टुलावर बसून स्क्रू देत होती आणि पतंगाची गोष्ट पाचव्यांदा सांगत होती. दिवेलागणीच्या आत वाटी फिरली. या वेळी ती आक्काने फिरवली, बसून, एका बोटाने.

रविवारी मुलगा आला तो हाताची घडी घालूनच दारात उभा राहिला. आक्का स्टुलावर बसली, गुडघे ओट्याखाली गेले, आणि तिचे हात सुरू झाले. डावीकडून मीठ, उजवीकडून पातेलं. खण पूर्ण बाहेर यायचा, अगदी मागचं झाकणसुद्धा पुढे यायचं, आणि कोपराच्या धक्क्याने परत जायचा. भात झाला, भाजी झाली. कोणाला हाक गेली नाही. मामा कोपऱ्यात बसून नुसते खणांच्या फटी न्याहाळत होते.

मुलाने हाताची घडी सोडली. "जमलं," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "मी तुझी खोली रंगवून घेतली होती, आई. मला वाटलं होतं, तू येशील."

डाव आक्काच्या हातातच राहिला. जिंकल्यावर असं काही ऐकावं लागेल हे तिच्या हिशेबात नव्हतं. "येईन की," ती हळूच म्हणाली. "आठ-पंधरा दिवस येईन. पण तुझ्याकडे मी नुसती बसून काय करू?"

मुलगा मामांकडे वळला. "मामा, माझ्या ओट्याचं माप कधी घ्याल?"

"उद्यासुद्धा घेईन," मामा म्हणाले. "पण हिला बरोबर आणायची. हिच्याशिवाय मी टेप उघडणार नाही."

"येते ना," म्हणत आक्का लगबगीने उठायला गेली.

"बस," दोघं एकदम म्हणाले.

आक्काने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. आणि मग, त्यांच्या देखत, निवांत बसूनच तिने तिघांची पानं वाढली.