टाकून द्यायची काच

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलले. भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा, साल बोटात, डाळ परातीत. ती सारखी उठून पाणी पीत होती.

"घागर संपवतेस काय गं?"

"मीच भरलीय ती. तुम्ही सोला."

मी विद्यापीठात प्रयोगशाळेचा शिपाई. चौथी नापास. पण तिथल्या काचा माझ्याशिवाय कुणाला धुता येत नव्हत्या. बोटाएवढी काच, आत केसाहून बारीक नाळ्या. रक्ताचा एक थेंब सोडला की साखर कळणार, गोरगरिबांचं भलं होणार, असं मोठे सर पाहुण्यांपुढे झाडायचे. तीच काच धुऊन परत वापरायची. आधी ॲसिड, मग पाणी.

तपासायला निरोगी माणसं हवी होती, म्हणून शिपायांच्या घरच्यांना बोलावलं. बायकोनं हौसेनं बोट पुढं केलं. तिचा आकडा भलताच वर गेला. पीएचडीवाल्या बाई माझ्यावरच उखडल्या.

"अण्णा, ॲसिड जास्त वेळ ठेवलंत. नाळी खाल्ली त्यानं. स्वल्प लक्ष द्या की! टाकून द्या ही."

निरोगी म्हणून आणलेल्या बाईचा आकडा चुकला, तर चूक काचेची. असली त्यांची अक्कल. वहीत रेघ मारून मोकळ्या झाल्या. आणि मी गाढव, "चुकलं मॅडम" म्हणालो. काच पाण्यानं धुतली, टाकवेना म्हणून कपाटात ठेवली. घरी सांगितलं तर ही हसली. "एवढ्या वर्षांत एक काच धुवायला येईना तुम्हाला!"

डाळ सोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. दवाखान्यात डॉक्टर ओरडला, "साखर एवढी चढेपर्यंत काय करत होता?" संध्याकाळी गेली. रात्रीच सगळं उरकलं.

सकाळी सुतकातच प्रयोगशाळेत गेलो. कपाटातली काच काढून बाईंपुढं ठेवली, बोट पुढं केलं.

"माझं रक्त घाला ह्यात."

"अण्णा, आज तुम्ही घरी..."

"घाला म्हणतो ना."

घातलं. आकडा चारचौघांसारखा आला. बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "परत एकदा बघू या."

"बघा."

परत तोच आला. काच धुतली नाही मी. रक्तासकट त्यांच्या वहीवर ठेवली, रेघ मारलेल्या आकड्यावर, आणि बाहेर पडलो.