तिसरी हाक

फोनवर सोनालीचं नाव रिया होतं. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीसाठी ती गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची, आणि चिडलेल्या माणसाला छोटं, गोड नाव बरं पडतं असं कंपनीचं मत होतं. लॉकडाऊन लागला, ऑफिसला कुलूप बसलं आणि रिया हेडफोनसकट शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात येऊन बसली. आतल्या खोलीत रिया, बाहेरच्या खोलीत सोनालीचा संसार, आणि मध्ये एक दार. ते बंद झालं की सोनाली नावाची बाई घरात नाही असं समजायचं. हे सांगायला सोपं आहे.

नवरा अजिनाथ चिंचोळीच्या एमआयडीसीत होता. कारखाना सुरू झाल्यावर तो सकाळी जायचा आणि संध्याकाळी यायचा. घरी मुलगी उत्कर्षा, यंदा पहिलीत जाणारी, आणि सासू म्हाळसाबाई. सांगोल्याकडच्या गावाहून त्या नातीला बघायला म्हणून आल्या आणि इथंच अडकल्या. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला होता. या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या माणसाला जेवायला बोलवायची सवय असलेला आवाज दोन खोल्यांत मावणार कसा?

"सोनालेऽ! मिटाचा डबा कुटं हाय?"

सोनालीला 'सोनाले' म्हणणारं जगात हे एकच माणूस. नागपूरचं गिऱ्हाईक फोनवर खदाखदा हसलं आणि टीम लीडरनं सोनालीला चांगलं फैलावर घेतलं. मागं आवाज आला तर चालणार नाही. लोकांना कामावरून काढून घरी बसवणं तेव्हा रोजचंच झालं होतं, त्यामुळं सोनालीला काहीतरी तोड काढणं भाग होतं.

तोड म्हाळसाबाईंनीच काढली, तीही नकळत. गल्लीच्या तोंडाला बांबू लागले, शेजारच्या बोळातल्या यंत्रमागांची खटखट थांबली, आणि त्या शांततेत म्हाताऱ्या बाईला लहानपणीचं काहीबाही आठवायला लागलं. एका दुपारी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "रोगराईच्या दिसांत कुनाच्या बी एका हाकंला ओ देऊ नये, पोरी. ती नाव घिऊन हाका मारत फिरती. आवाज आपल्याच माणसाचा काढती."

"ती म्हणजे कोण, आत्या?"

"तिचं नाव घ्यायचं न्हाय. पर तिला दोनच हाका मारता येत्यात. तिसरी आली की समजायचं, माणूस हाय."

सोनाली हसली. पण हसता हसता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं तिथंच नियम करून टाकला. रियाचं काम चालू असताना कुणी हाक मारायची नाही. फारच अडलं तर मारायची, पण तीनदा. तिसऱ्या हाकेशिवाय दार उघडणार नाही. आणि उत्कर्षानं तर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, लहान पोराचा आवाज फोनवर सगळ्यात आधी जातो. सासूला वाटलं, सुनेला अखेर शहाणपण आलं. सुनेला वाटलं, सासू आयतीच सापडली. दोघी भलत्याच खूश होत्या, आणि घर इतकं गप्प झालं की भाकरी थापल्याचा आवाजही मोठा वाटायचा.

मे महिन्यात म्हाळसाबाईंना ताप आला. "उनाचा हाय," म्हणाल्या आणि घोंगडी अंथरून आतल्या दाराशी पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी सोनाली एका साताऱ्याच्या गृहस्थांची तक्रार ऐकत होती. हेडफोनमागून कुठूनतरी लांबून आलं, "सोनालेऽ." तिनं मान वळवली. थोड्या वेळानं पुन्हा आलं, जरा ओढलेलं, "ए सोनालेऽ." गृहस्थ तावातावानं बोलत होते. सोनाली दाराकडं बघत तिसऱ्या हाकेची वाट पाहत बसली. ती आली नाही. तिला हायसं वाटलं, हे खरं आहे आणि ते तिनं पुढं कुणालाही सांगितलं नाही.

तक्रार मिटवून ती बाहेर आली तेव्हा म्हाळसाबाईंचे ओठ निळे पडले होते. तिसऱ्या हाकेपुरता श्वास त्यांच्याकडं उरला नव्हता. उत्कर्षा आजीच्या उशाशी भिंतीला चिकटून बसली होती, नियमाप्रमाणं गप्प. मग गाडी आली, अंगभर प्लास्टिक घातलेली माणसं आली, आणि म्हाळसाबाई गेल्या त्या गेल्याच. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. अजिनाथला लांबून एक गुंडाळलेलं काहीतरी दाखवलं आणि हीच तुमची आई, असं सांगितलं.

तपासण्या झाल्या, कोंडून घेऊन झालं. सोनाली पुन्हा रिया झाली. न होऊन करते काय?

पहिल्यांदा सांगितलं ते कोल्हापूरच्या एका बाईंनी. "रिया मॅडम, आधी घरात बघा बाई. कुणीतरी म्हातारं माणूस हाका मारतंय."

"नाही मॅडम, घरात म्हातारं कुणी नाही."

"अहो, मला स्पष्ट ऐकू येतंय. सोनाले, सोनाले करतायत. दोनदा झालं."

त्या बाईंना सोनाली कोण ते ठाऊक नव्हतं, मग सोनाले कुठून ठाऊक असणार? तिनं हेडफोन काढला. घर चिडीचूप. दार उघडलं तर उत्कर्षा उंबऱ्याशी, आजीच्या जागेवर, चित्र रंगवत बसलेली.

"कुणी हाक मारली गं?"

पोरीनं मान वर केली नाही. "आजीनं."

सोनालीनं तिच्या थोबाडीत मारली. पोर रडली नाही, तेच जास्त वाईट होतं.

पुढं ते होतच राहिलं. एका अमरावतीच्या पोरानं सांगितलं, मग एका निवृत्त मास्तरांनी. ज्याला त्याला दोनदाच ऐकू यायचं. हेडफोनच्या गाद्यांनी कान झाकलेले, वर पंख्याची घरघर, त्यामुळं सोनालीला काहीच ऐकू यायचं नाही. ती जिथं बसली होती त्या घरातला आवाज चारशे किलोमीटरवरच्या माणसाला ऐकू येत होता. तिनं अजिनाथला सांगितलं तेव्हा त्याची पाचावर धारण बसली.

"दोनच? तिसरी न्हाईच मारली?"

"न्हाई."

"तू ओ दिलीस काय?"

"मला ऐकूच येत न्हाई, अहो."

त्यानं देवघरातला बिरोबाचा भंडारा घेतला आणि आतल्या दाराच्या उंबऱ्यावर त्याची पिवळी रेघ ओढली. ओढता ओढता त्याला रडू फुटलं. ज्या आईला शेवटचं पाणी पाजता आलं नाही, तिलाच आता उंबऱ्यावर अडवायचं होतं.

त्यानंतरच्या एका दुपारी सोनालीनं हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली आणि पंखा बंद केला. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. फोनवर एक आजोबा यंत्राचा नंबर वाचत होते, तो चुकत होता आणि पुन्हा पहिल्यापासून वाचत होते.

"सोनालेऽ."

दारापलीकडूनच. तोच गावाकडचा हेल, शेवटच्या अक्षराला तीच ओढ.

"ए सोनालेऽ."

आणि त्यामागं श्वास. फुटक्या भात्यातून यावा तसा घरघरता, त्या दुपारचा श्वास. हुबेहूब, आणि इतका स्पष्ट की फोनवरचे आजोबाही वाचायचे थांबले.

सोनाली तिसरीची वाट बघत बसली. याही वेळी. अंगवळणी पडलेलं भीतीतही सुटत नाही. मग कुठूनतरी तिच्या आत संतापाचा डोंब उसळला, सासूवर, कंपनीवर, सगळ्यात जास्त स्वतःवर. जी असेल ती असू दे, नेऊ दे मला. तिनं हेडफोन भिरकावला, दार उघडलं आणि भंडाऱ्याची रेघ ओलांडली.

उंबऱ्याशी घोंगडी पांघरून कुणीतरी निजलं होतं. छाती वरखाली होत होती. घोंगडीतून बाहेर आलेला हात मात्र लहान होता, आणि बोटांना रंग लागलेला होता.

सोनालीनं घोंगडी ओढली. उत्कर्षा डोळे मिटून, तोंड उघडं टाकून आजीचा श्वास घेत होती. आईला बघून ती दचकून उठली आणि पहिल्यांदा तिनं आपला गाल झाकला.

"काय चाललंय हे? आजीचा आवाज का काढतीस?" सोनालीनं विचारलं.

"मी न्हाई काढत," पोर म्हणाली. "आजीच मारती दोन हाका. मी तिसरीसाठी बसते."

"तिसरी?"

"आजी दमली ना त्या दिवशी. तिनं माझा हात धरला, असा. म्हणली, तिसरी तू मार गं, माज्यात दम न्हाय." उत्कर्षानं दाराकडं पाहिलं. "पण तुझं काम चालू होतं की मम्मी. माझा आवाज फोनवर गेला असता."

सोनाली तिच्याशेजारी घोंगडीवर बसली.

"म्हणून रोज पहिल्यापासून करून बघते. दोन मारून होत्यात. तिसरी आली की तू दार उघडणार, आन् आजी वाचणार. पण तिसरी येतच न्हाई."

आतून हेडफोनमधून आजोबांचा बारीक आवाज येत होता, हॅलो, हॅलो, रिया मॅडम. सोनालीनं तिकडं पाहिलंही नाही. तिनं पोरीला घोंगडीसकट मांडीवर घेतलं. पोरीचं अंग घामानं भिजलं होतं.

"मार की आता तिसरी," सोनाली म्हणाली. "मी बसलीय हितं. मार."

उत्कर्षानं तोंड उघडलं. गळ्याची शीर ताठ झाली, ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तिनं पुन्हा करून पाहिलं, आणि मग आईच्या तोंडाकडं बघत राहिली.

"ओ," सोनाली म्हणाली. "आले गं. आले."