राखेनं घासलेली कडी

माझ्या बापूजीकाकांचा मला आजही राग येतो. गावाचा त्याहून जास्त.

काका जातीनं ढिवर. नागभीडकडच्या आमच्या तलावात मासे धरण्यातच त्यांचा जन्म गेला. पंच्याण्णवच्या सुमारास पक्षी अभ्यासणाऱ्या एका संस्थेचं शिबिर तलावावर आलं. हिवाळ्यात उतरणारी बदकं काकांनी जाळ्यात अलगद धरायची, शिबिराच्या साहेबांनी त्यांच्या पायात नंबर असलेलं ॲल्युमिनियमचं कडं घालायचं आणि त्यांना सोडून द्यायचं. पुढं ते कडं कोणाला सापडलं, तर नंबर, गाव आणि तारीख संस्थेला कळवायची. देशभरातून अशी कडी आली, की पक्षी कुठून कुठं जातात, वाढतात की घटतात, ते समजतं. काकांना या गोष्टीनं वेड लावलं. आपण सोडलेलं बदक पुढच्या साली आपल्याच तलावावर परत येतं का, एवढंच त्यांना मरायच्या आधी कळायला हवं होतं.

चार हिवाळे गेले. साहेबांनी देशाचा छापील अहवाल आणून दाखवला. सिरोंच्यापासून नागभीडपर्यंत पसरलेल्या आमच्या दोन जिल्ह्यांच्या नावापुढं परत आलेली कडी शून्य.

"शून्य म्हंजे? बदकं येऊनच नाई राह्यले का?" काकांनी विचारलं.

"येत असतील हो. पण पुरावा कुठं आहे? येत्या हिवाळ्यात एक तरी कडं आलं नाही, तर इथलं शिबिर बंद होईल."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बदकं येत होती आणि घरोघरी शिजतही होती, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं! काका आठवडी बाजारांतून फिरू लागले. मासळीच्या टोपल्यांमध्ये उभे राहून ओरडायचे, "कोणाले कडं सापडलं असन त मले द्या ना बाप्पा! कोणी काई नाई करत!"

आणि अंगात काय, तर शिबिरानं थंडीसाठी दिलेला खाकी कोट. तो काढा म्हणून मी कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. "साहेबानं देल्ला हाय," म्हणायचे. पक्षी मारला तर जंगलखात्याची केस होते, हे सगळ्यांना ठाऊक. त्यात पायात नंबर, म्हणजे पक्षी सरकारच्या मालकीचाच, अशी लोकांची पक्की समजूत. खाकीतला माणूस दिसला की बाजार मूग गिळून बसायचा.

एका दुपारी काकांनी नातीला, आचलला, मांडीवर घेतलं. तिच्या करदोड्यात कडं होतं. काकांनी ते उन्हात धरलं. नंबराच्या जागी नुसती चकाकी होती.

"हे कुठचं?" त्यांनी सुनेला विचारलं.

सुकरी घाबरली. "माह्या भावाच्या जाळ्यात बदक घावलं होतं. नजर लागत नाई म्हणतेत, म्हून पोरीले बांधलं. रोज राखेनं घासतो, काळं पडते म्हून."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"भावाले जेल झाली असती, मामाजी. तुमीच त सरकारचे मानूस आहा."

काकांनी कोट काढून खुंटीला टांगला.

पुढच्या बाजारात जंगलखात्याचा गार्ड चहा पीत बसला होता. काका बनियनवरच त्याच्यासमोर उभे राहिले आणि आचलचं कडं वर धरून ओरडले, "हे बदक मी मारलो! मीच खाल्लो! करा केस!"

गार्डनं त्यांना खालीवर पाहिलं. "पुन्हा मारू नोको, बुढ्या," म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

त्याच्या पुढच्या बाजारात बाया काकांभोवती गोळा झाल्या. कोणी पदराच्या गाठीतून, कोणी पोराच्या कमरेतून कडं काढून दिलं. आचलचं धरून दहा भरली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी एकेक कडं उन्हात फिरवून पाहिलं. आमच्या बाया भारी स्वच्छ! एकावरही नंबर उरला नव्हता.

काकांनी तरीही ती साहेबांपुढं ठेवली. साहेब बिचारे कितीतरी वेळ भिंग लावून बसले, मग म्हणाले, "बापूजी, नंबराशिवाय हा नुसता पत्रा आहे. कुठलं बदक, कोणत्या सालचं, काय लिहू?"

शिबिर बंद झालं. काकांनी घरोघरी जाऊन कडी परत केली आणि आचलच्या कमरेला तिचं पुन्हा बांधून दिलं. शेवटच्या आजारपणातही कोणी भेटायला आलं, की तिला जवळ बोलावून ते कडं दाखवायचे.

"दहा घरी शिजले," म्हणायचे, "अन् लिवलं का, त शून्य!"