जड अध्याय

देवाची निम्मी भांडी चिंचेने घासून लखलखीत झाली होती आणि निम्मी अजून परातीत काळवंडलेली पडली होती, तेवढ्यात अर्चना दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, नाक लाल. अर्चना चाळीची मालकीण, मूळची जवळच्याच पाम गावच्या वाडीतली, भाडेकरूंसमोर कधी डोळ्याला पदर न लावलेली बाई. हिच्या घरी कुणाचं काही बरंवाईट झालं की काय, म्हणून झुंबर चिंचेच्या हातांनीच उठली.

"घरातलं कोन नाय गेलं गं," अर्चना उंबऱ्यावर बसत म्हणाली. "ईरा गेली. आमी आताच बगून आलो."

ईरा ही काही दोघींच्या नात्यातली नव्हे. 'काळद्वार' नावाच्या हिंदी सिनेमांच्या माळेतली ती मुलगी, पंख असलेल्या हरणावर बसून राज्याराज्यातून फिरणारी. त्या माळेतला पाचवा आणि शेवटचा सिनेमा नुकताच बोईसरला लागला होता. झुंबरची दिशा रविवारी पुण्याहून खास तो बघायला यायची होती. आईबरोबर, दुसऱ्या कुणाबरोबर नाही, असं तिनेच ठरवलं होतं.

झुंबर लग्न होऊन नगरकडून इकडे आली, ती नवरा महादू तारापूरच्या कारखान्यात लागला म्हणून. माहेरचं घर माळकरी. सिनेमा हा शब्द त्या घरात दबक्या आवाजातच यायचा. पहिला भाग लागला तेव्हा दिशा सहावीत होती. वर्गातल्या सगळ्या पोरी बघून आलेल्या आणि हिला डब्याच्या सुट्टीत कुणी बोलण्यात घेत नव्हतं. लेकीचं उतरलेलं तोंड बघवेना, म्हणून झुंबरने देवाला हात जोडले, क्षमा मागितली आणि तिला घेऊन गेली. आत बसल्यावर तिचे डोळे विस्फारले ते शेवटपर्यंत. शाप होते, वर होते, वनवास होता, बोलणारे प्राणी होते. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, यात वाईट काहीच नाही. आपल्या पोथीसारखंच आहे, फक्त माणसं घोड्याऐवजी हरणावर बसतात."

त्यानंतर प्रत्येक भाग मायलेकींनी मिळून पाहिला. महादूलाही न्यायच्या, पण तो रात्रपाळीचा माणूस. थंडगार अंधारात खुर्ची मिळाली की त्याचा डोळा लागे आणि मध्यंतरात सामोसा खायला उठे. त्याच्या लेखी सगळ्या भागांचं नाव एकच, 'ते हरीण'. अजून संपलं नाही का ते हरीण, असं तो दर दोन-अडीच वर्षांनी विचारायचा.

दोन भागांच्या मधल्या काळात या दोघींचं खरं सुख होतं. पोळ्या लाटताना, मेथी निवडताना वाद चालायचे. काळाच्या दाराचा पहारेकरी ईराचा बाप असेल की नसेल? हरणाचा तुटलेला पंख परत फुटेल का? झुंबर देवाधर्मातले दाखले द्यायची, दिशा मोबाइलवर कुणी कुणी काय लिहिलंय ते वाचून दाखवायची. मग दिशाला पुण्यात नोकरी लागली आणि रोजचा फोन आटत गेला. जेवलीस का, हो. गर्दी होती का, होती. बरं, ठेवते. पण झुंबरने "पहारेकऱ्याचं काय गं वाटतं तुला?" एवढं विचारलं, की पलीकडून लेक पुन्हा सहावीतली होऊन बोलायला लागायची. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला उरलेलं तेवढं एकच दार होतं, आणि झुंबरला ते पक्कं ठाऊक होतं.

तर अर्चनाने उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. काळाचं दार बाहेरून बंद होतच नाही. कुणीतरी आत राहून कडी लावायला हवी. सगळे वीर एकमेकांची तोंडं बघत राहतात आणि ईरा हरणाच्या मानेवरून हात फिरवून आत निघून जाते.

"आतून लावून घेते बाय, नि भायेर येतच नाय," अर्चनाला पुन्हा हुंदका आला. "हरीण तिथंच दाराशी बसून ऱ्हातंय. मागं पोरं बसलेली, दाढीमिशीवाली, ती पन रडत होती. भायेर आल्यावर एक जन तर म्हनला, असा शेवट केला, मी आता यांचं काय बगनारच नाय."

झुंबरने तिला मध्येच थांबवलं नाही. थांबवायचं असतं हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिच्या माहेरी देवळात दरवर्षी पोथी लागायची. कोण कसं जन्मलं, कोण कुणाच्या हातून पडलं, ते पाळण्यातल्या पोरालाही माहीत. तरी बाया त्या त्या ओवीला पदर ओला करून घ्यायच्या. शिवाय पोथी सांगणारे म्हातारे बुवा एक गोष्ट न चुकता करायचे. दुःखाचा प्रसंग यायचा असला, की आदल्या दिवशीच आरतीनंतर सांगून टाकायचे, उद्याचा अध्याय जड आहे, काय होणार ते ऐकून ठेवा आणि काळीज धरून या. मग ओल्या बाळंतिणी, घरात नुकतं कुणी गेलेल्या बाया घरीच थांबायच्या. न सांगता तो अध्याय उघडणं म्हणजे बेसावध माणसाला ढकलून देण्यासारखं, असं बुवा म्हणत.

आणि दिशा तर हळवी. तिसऱ्या भागात हरणाचा पंख तुटला तेव्हा ती धड जेवली नव्हती. हे एवढं मोठं दुःख पोरीच्या अंगावर एकदम येणार, तेही भरल्या थिएटरात, या विचाराने झुंबर कासावीस झाली. उरलेली भांडी तिने तशीच पाण्यात सोडली, हात पुसले आणि फोन लावला.

"दिशे, रविवारी काळीज धरून ये बाळा. अध्याय जड आहे," ती मायेने म्हणाली, आणि ईराचं, दाराचं, दाराशी बसलेल्या हरणाचं सगळं हळूहळू, समजावत सांगून टाकलं.

पलीकडे काहीच आवाज आला नाही. झुंबरला वाटलं, रडतेय. बरंच आहे, आपल्याजवळ रडून घेऊ दे.

"आई, मी गेल्या शुक्रवारपासून फोन घेण्यापलीकडे मोबाइल उघडला नाही गं," दिशा म्हणाली. "ऑफिसात कानात बोळे घालून बसले. कुणाकडून काही कळू नये म्हणून. तुझ्याबरोबर बघायचं म्हणून."

"अगं, पण बघायचंच आहे ना आपल्याला? मी कुठं बघितलाय अजून?"

"आता काय बघायचं?" आणि फोन बंद.

संध्याकाळी महादूला तिने सांगितलं. तो म्हणाला, हरणापायी कुणी रुसतं का, येईल. दिशा आली नाही. काम निघालं, एवढाच निरोप आला. अर्चनाच्या पुतणीने नंतर सांगितलं, की दिशाने शनिवारीच तिकडे पुण्यात मैत्रिणींबरोबर सिनेमा पाहिला, फोटो टाकलाय.

रविवारची दोन तिकिटं दिशानेच आधी काढून ठेवली होती. झुंबर एकटीच गेली. एकटीने थिएटरात पाऊल टाकायची तिची ती पहिलीच वेळ. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली. कारखान्यातली परप्रांतीय पोरं रांगेने बसली होती, हरीण दिसलं की शिट्ट्या मारत होती. शेवटी शेवटी शिट्ट्या थांबल्या. ईरा दाराकडे चालायला लागली तेव्हा पुढच्या रांगेतली एक पोरगी "मत जा, मत जा" म्हणत आईच्या दंडाला बिलगली. झुंबरचं लक्ष पडद्यावरून उडालं ते परत लागलंच नाही. ती त्या दंडाकडे बघत बसली. त्या आईला शेवट माहीत नव्हता. दोघी सारख्याच घाबरलेल्या होत्या.

बाहेर चहाच्या टपरीवर पोरांचे वाद जुंपले होते. कुणी म्हणत होता शेवट बदलून पुन्हा काढायला लावू, कुणी म्हणत होता याहून चांगला शेवट होऊच शकत नाही. झुंबरलाही बोलायचं होतं. पहारेकरी खरोखरच बाप निघाला होता, तिचंच बरोबर ठरलं होतं. पण कुणाला सांगणार?

सोमवारी फोन तिनेच केला. आधी जेवलीस का झालं. मग झुंबर म्हणाली, "चुकलं गं माझं. तुला त्रास होऊ नये म्हणून सांगितलं."

"माहितीये मला," दिशा म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच झुंबरला जास्त लागलं. "आई, बाजूला सगळ्या रडत होत्या. मला रडूच आलं नाही. मी आपली बसले होते, ती कधी एकदा आत जातेय याची वाट बघत. दहा वर्षं जिच्यासाठी थांबले, तिच्या जाण्याची वाट बघत."

बुवांच्या देवळात असं कधी कुणाचं झालं असेल का, हे झुंबरने मनातल्या मनात चाचपून पाहिलं. झालं असेलही. कुणी बोललं नसेल.

"पहारेकरी बापच निघाला," ती शेवटी चाचरत म्हणाली.

"हो. तू म्हणाली होतीस." पूर्वी इथून तासभर गेला असता. "ठेवू का? मीटिंग आहे."

"ठेव. वेळेवर जेव."

फोन ठेवून झुंबर देवापुढे बसली. दिवा लावला, हात जोडले, पण मागायचं काय ते ठरेना. पुढचा भाग येऊ दे म्हणावं, तर सगळं संपलेलं. लेकीला दुसरं काही आवडू दे, आणि ते मला आधी कळू देऊ नकोस, एवढंच तिच्या तोंडून निघालं. संध्याकाळी महिला मंडळाचं भजन होतं आणि प्रसादाची पाळी तिची होती. ती पिशवी घेऊन बाजारात केळी आणायला गेली.