न उचललेली चौकट अठ्ठी

पत्ते खेळायला निघालेला माणूस वाटेत दोन ठिकाणी पाटावर बसून जेवतो, हे मी फक्त आमच्याच भागात पाहिलं. बरं, जीप मीच चालवत होतो, त्यामुळे दोष द्यायलाही दुसरं कोणी नव्हतं.

आम्ही तिघं बेलापूरचे. मी, शाळेपासूनचा माझा एक दोस्त आणि आम्हा दोघांचे कपडे शिवणारा टेलर. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. कॅनॉलचं पाणी पाळीनं यायचं आणि पाळी नसली की कामही नसायचं. मग विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीत पोतं अंथरून आमची रमी सुरू. टेलर तर दुकानाला कुलूप लावून यायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा की मशीन बिघडलंय.

माझा हा दोस्त मात्र वेगळाच होता. चार-पाच पानं पडली की समोरच्याच्या हातात काय आहे ते तो सांगायचा. "किलवरची राणी कशाला दाबून बसलास? टाक की, मला न्हाई लागत ती," असं म्हणायचा आणि राणी खरोखर माझ्याच हातात असायची. त्याच्याशी खेळणं म्हणजे उघड्या पानांनी खेळणं. आसपासच्या गावांतले खेळणारे मोठ्या तोऱ्यात यायचे आणि मान खाली घालून जायचे. तरी त्याला चैन नव्हतं.

"हितं आपन राजं, खरं हाय," तो म्हणायचा. "पन हितं खेळतंय कोन? तू आन् ह्यो टेलर. एकदा नगरच्या क्लबात बसलं पायजे. तितं वकील येत्यात, व्यापारी येत्यात. आपल्याला खरंच येतंय का न्हाई, एकदा कळू दे."

मधेच त्याचं लग्न ठरलं. मुलगी पुणतांब्याची. मुलगी बघून आल्यापासून तो भिंतीकडे बघून हसायला लागला होता, म्हणजे आता कुणी मोडतो म्हटलं तरी तो ऐकणार नव्हता. पण सासरा कडक. आधीचं एक चांगलं स्थळ त्यांनी केवळ मुलानं वडीलधाऱ्यांसमोर विडी ओढली म्हणून परत पाठवलं होतं. सुपारी फुटली तेव्हा चारचौघांत त्यांनी आमच्या दोस्ताकडून शब्द घेतला. "तुमच्या पत्त्याचं आमच्या कानावर आलंय. हळद लागल्याव पत्त्याला हात लावायचा न्हाई." त्यानं शब्द दिला. देणारच. त्या क्षणी त्याच्याकडे विहीर मागितली असती तरी त्यानं दिली असती.

म्हणजे हळदीच्या आत नगर गाठायचं होतं, तेही पुणतांब्याला वास न लागू देता. नवरदेव लग्नाच्या तोंडावर क्लबात बसला होता हे सासऱ्याला कळलं असतं तर सोयरीक मोडलीच असती. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तरी आम्ही निघालो.

घरी सांगितलं, नगरला बाशिंग आणायला जातोय. चुलत्यांची जीप मागून घेतली. सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं, पण टेलर उशिरा उगवला आणि त्याच्या हातात नवरदेवाचा लग्नाचा कोट.

"क्लबात कोटाबिगर आत घेत न्हाईत," तो म्हणाला.

"तू बघितलायस क्लब?"

"माझ्या आतेभावाच्या दोस्तानं बघितलाय."

राखाडी टेरिकॉटचं कापड, त्यात बारीक निळी रेघ. मुलीकडूनच आलेलं. कोट अजून पुरा झाला नव्हता. बाह्या नुसत्या पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांवर लोंबत होत्या. "हात लई वर करू नगो," टेलरनं नवरदेवाला बजावलं. मी कपाळाला हात लावला आणि जीप चालू केली.

नमनालाच घडाभर तेल गेलं. देवळाली प्रवराला इंजिन तापलं म्हणून पाण्यासाठी एका दाराशी थांबलो, तर ते नेमकं नवरदेवाच्या आत्याच्या शेजारचं घर. आत्या कुंपणावरून ओरडलीच. "लग्नाआधी माझ्या दारावरनं उपाशी जाशील व्हय रे?" झालं. केळवण. तिनं आमच्यासमोर डाळ शिजत घातली. शिजत घातली! पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, नवरदेवाला ओवाळलं, मलाही ओवाळलं. मी घड्याळाकडे बघितलं की ती ताटात आणखी एक पोळी टाकायची. म्हणून मी घड्याळाकडे बघणं बंद केलं.

राहुरीत टेलर म्हणाला, "खालाकडं दोन मिंटं." मी सरळ नाही म्हणालो. "न्हाई गेलो तर ती अम्मीला सांगंल," असं म्हणून त्यानं असं तोंड केलं की जणू मीच त्याच्या आईचं घोडं मारलंय. खालानं, म्हणजे त्याच्या मावशीनं, शेवया केल्या. वर नवरदेवासाठी अंडी. पुरणपोळीवर शेवया आणि शेवयांवर अंडी खाऊन आमचा गडी मागच्या सीटवर जो आडवा झाला तो नगरपर्यंत घोरत होता. वकिलांना आणि व्यापाऱ्यांना हरवायला निघालेला हा माणूस! मी रस्ताभर मोठ्यानं बोलत होतो. ऐकत कोणीच नव्हतं.

नगरला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. क्लब कापडबाजाराच्या मागं, एका माडीवर. नवरदेवानं तोंड धुतलं, कोट चढवला आणि आम्ही जिना चढलो. आत पाच-सहा टेबलं, वर पंखे, आणि त्या वैशाखाच्या उकाड्यात सगळे प्रतिष्ठित लोक बनियनवर बसलेले. सदरे खुंटीला. कोटातला माणूस अख्ख्या माडीवर एकच, आमचा. सगळ्यांनी माना वळवल्या. मी टेलरकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता.

"एक जागा आहे," मॅनेजर म्हणाला. "त्या कोपऱ्यातल्या टेबलावर."

नवरदेव खुर्चीपाशी गेला. समोर एक गृहस्थ पानं लावत होते. धोतर, बनियन, गुडघ्यावर टोपी. त्यांची नजर आधी कोटाच्या कापडावर पडली. निळी रेघ ओळखून ती हळूहळू वर चढली, बटणं, कॉलर, मग तोंड. तोवर मीही त्यांना ओळखलं होतं. पुणतांबा. सासरा.

खरं सांगतो, त्या क्षणी मला मांडव दिसला आणि तो उतरवणारी माणसं दिसली. पळ, असं मी मनात ओरडत होतो. पण आमच्याकडच्या माणसाला पळायचंही सुचत नाही. नवरदेव टेबलाला वळसा घालून गेला, वाकला आणि भर क्लबात सासऱ्याच्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं. वाकताना डाव्या खांद्यातून कर्रकन आवाज झाला आणि बाही कोपरापर्यंत खाली आली.

"बाशिंग घ्यायला आल्तो, मामा," तो म्हणाला.

"आमची कोर्टाची तारीख हुती," मामा म्हणाले.

दोघंही गंभीर. भाऊबंदकीच्या दाव्यासाठी ते दर आठवड्याला नगरला जातात हे सगळ्या पुणतांब्याला ठाऊक होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत पोराकडून शब्द घेणारा हा माणूस स्वतः दर आठवड्याला इथे! मी काही बोलणार तोच टेलरनं मला चिमटा काढला.

मामांनी गुडघ्यावरची टोपी डोक्यावर घातली. "बसा, पाव्हणं," ते म्हणाले.

आता उठून जाणं म्हणजे मामांचा अपमान आणि बसून खेळणं म्हणजे त्यांच्याशी बरोबरी. तो बसला. मी मागं उभा राहिलो. म्हटलं, चला, झालं ते झालं, आता निदान खेळ तरी बघू.

कसला खेळ! दोन कॅट एकत्र पिसून पहिला डाव वाटला. मामांनी पानं उचलली, जावयाकडे बघितलं आणि पॅक केली, म्हणजे डाव न खेळताच सोडला. जावयाच्या हातात आल्या-आल्याच एक लाईफ लागलेली, म्हणजे जोकरशिवायची सरळ ओळ. रमीत याहून मोठं सुख नाही. यानंही पॅक केली. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यात तेच. लेक ज्या घरी द्यायची त्या घरचं काही घ्यायचं नाही, ही मामांची रीत. वडील माणसावर मात करायची नाही, ही याची. उरलेले तीन व्यापारी खुशीत डाव गोळा करत होते. त्यांना वाटलं असेल, असे सासरे-जावई रोज यावेत. मी दात-ओठ खात उभा. एवढ्या पोळ्या मी ह्यासाठी खाल्ल्या होत्या काय?

मग एका डावात उलटं झालं. तिघा व्यापाऱ्यांची पानं रद्दी निघाली आणि त्यांनी एकेक करून हात टेकले. उरले दोघं. दोघंच उरले की पॅक करता येत नाही असा क्लबाचा नियम, त्यामुळे आता खेळणं भाग होतं. नवरदेवाची दहा पानं लागली होती. दोन अठ्ठ्या होत्या, तिसरी आली की डाव संपला.

मामांनी हातातल्या पानांवरून बोट फिरवलं, मधलं एक पान काढलं आणि अगदी सावकाश, चित्र जावयाकडे करून ठेवलं. चौकट अठ्ठी.

उचल, मी मनात म्हणालो. नवरदेवानं त्या अठ्ठीकडे बघितलं. मग हात लांब करून गड्डीतलं बंद पान उचललं आणि त्याच्या बदल्यात किलवरचा गुलाम टाकला. आता मामा गुलामाकडे बघत राहिले आणि त्यांनीही गड्डीतलंच पान घेतलं. असं चाललं. हा त्यांना हवं ते देतोय, ते याला हवं ते देतायत, आणि घेत कोणीच नाही. ते व्यापारीसुद्धा खुर्च्या पुढे ओढून बघायला लागले. टेबलावर एवढा सुंदर खेळ आणि तोही हरण्यासाठी चाललेला मी पुन्हा कधी बघितला नाही, आणि मला दोघांच्याही थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

"अहो, कुणीतरी संपवा की!" मॅनेजर ओरडला.

मामांनी पानं उताणी न करता खाली ठेवली. त्याच वेळी यानंही ठेवली. असं करता येत नाही म्हणून मॅनेजरनं वाद घातला, पण मामा तोवर भजी आणि चहा सांगून मोकळे झाले होते. सगळ्या टेबलाला. वर पोऱ्याला खाली बाजारात पिटाळून त्यांनी नारळ आणि टॉवेल-टोप्या मागवल्या. जावई भेटला आणि मोकळ्या हातानं गेला, असं होऊन चालणार नव्हतं. क्लबातल्या त्या टेबलावर आम्हा तिघांना टॉवेल-टोपी मिळाली. टेलरनं लगेच टोपी घातली. पत्त्यांच्या अड्ड्यावरून आहेर घेऊन उतरणारे आम्ही पहिलेच असू.

जिन्यापर्यंत मामा सोडायला आले. टेलर पुढे गेला होता. मामा जावयाजवळ थांबले आणि खाली बघत म्हणाले, "शबुद घेतला म्हनून रागावला असाल. मला ह्यातनं सुटता आलं न्हाई, पाव्हणं. पोरीच्या आईनं लई सोसलं. पोरीला त्ये नगो, एवढंच." मग टोपी नीट करून म्हणाले, "हळदीला या लवकर."

मी इतका वेळ त्यांना सुनवायचं ठरवून ठेवलं होतं. त्याऐवजी वाकून नमस्कार केला. त्याचाही मला रागच आला.

खाली जीपमध्ये मात्र माझा तोल गेला. "अख्खा दिवस घातला. चुलत्यांशी खोटं बोललो. तुला कळायचं होतं ना, येतंय का न्हाई? मग? एक अठ्ठी उचलायला काय झालं होतं तुला?"

नवरदेव सुटलेली बाही मांडीवर घेऊन बसला होता. दुसऱ्या हातात नारळ.

"कळलं की," तो शांतपणे म्हणाला. "त्यांनी सुरवातीला चौकटची सत्ती उचलली हुती, बघितलंस न्हवं? म्हंजी सत्ती-अठ्ठी-नव्वी, लाईफ लागली त्यांची. दुसऱ्या कॅटातली चौकट अठ्ठी तर त्या जाड्या व्यापाऱ्यानं पैल्या फेरीलाच टाकली हुती. म्हंजी त्यांनी मला घातली ती लागलेल्या लाईफमधली. स्वताचा डाव मोडून घातली. त्यांची तेराच्या तेरा पानं मला दिसत हुती, गड्या. आन् माझी त्यांना."

"आणि तरी सोडलीस?"

त्यानं बाहीतला पांढरा दोरा ओढून काढला आणि बोटाला गुंडाळला.

"लेक द्यायला निघालाय त्यो मानूस," तो म्हणाला. "वर त्याच्या हातातली अठ्ठी बी घ्यू व्हय?"

मी जीप चालू केली. मागून टेलर म्हणाला की बाशिंग घ्यायचं राहिलंच. मी जीप परत बाजाराकडे वळवली.