हात सैल सोड

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मी सासरी एक गोष्ट लपवून राहत होते. बाळांनो, तुमची आजी कपाटातल्या कपड्यांच्या घड्यासुद्धा एका रेषेत लावते म्हणून तुम्ही हसता. तशीच ही गोष्टही मी घडी घालून मनाच्या तळाशी ठेवली होती. अकरा वर्षांची असताना मला सांधे सुजून ताप आला आणि तो दोन महिने हटला नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून वडिलांना सांगितलं की हृदयाची एक झडप दुखावली आहे. पुढे कधी हिचा दात काढायची वेळ आली, तर काढणाऱ्याला आधी हे सांगा, असंही त्यांनी बजावलं होतं. पण लग्न ठरताना वडील म्हणाले, "बरं झालेलं दुखणं सांगून काय मिळायचं?" मी इंग्रजी शाळेत शिकलेली, आरोग्याचे धडे पाठ असलेली मुलगी, पण गप्प राहिले. खरं कळलं तर मला कायमचं माहेरी पाठवतील, ही भीती मला झडपेपेक्षा मोठी वाटत होती.

तुमचे आजोबा तेव्हा सावली नावाच्या गावी जंगल खात्याच्या कचेरीत होते आणि महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर असत. घरी मी आणि सासूबाई. सगळं गाव त्यांना बाई म्हणे, म्हणून मीही बाईच म्हणायची. विहिरीवरून घागर आणताना मला धाप लागे, तेव्हा त्या म्हणत, "पुस्तकं वाचून वाचून अशीच नाजूक झाली तू." मी हसून वेळ निभावून नेई.

त्या माघात माझी खालची दाढ पिकली. गाल सुजला, बारीक ताप राहू लागला. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, उतार नाही. महाशिवरात्र आली तेव्हा बाईंनी ठरवून टाकलं, "आपण मार्कंड्याले जाऊन राह्यलो. तिथं जत्रेत दात काढणारा बसते. दर्शनबी होईल, दाढबी जाईल." मी नको म्हटलं, तर कारण काय सांगणार? मी बैलांच्या बंडीत बसले. वाटेत बाई माझ्या गालाकडे पाहून म्हणाल्या, "तुया उपास तर महादेवानंच धरून देल्ला. तोंडच उघडत नाई!"

देवावर माझा विश्वास होता असं मी म्हणणार नाही. नदीची वाळू ओलांडून, गर्दीतून वाट काढत आम्ही गाभाऱ्यात पोचलो, तेव्हाही मी मनात हिशेबीच होते. पिंडीवर बेल वाहिला आणि डोळे मिटून मागितलं ते एवढंच: माझं झाकलेलं झाकलेलंच राहू दे. जीव वाचव, असंही मी म्हटलं नाही. आज लिहिताना त्याची लाज वाटते, पण तुम्हाला सांगायचं तर खरंच सांगितलं पाहिजे.

दात काढणारा एका मोठ्या छत्रीखाली बसला होता. समोर फडक्यावर काढलेल्या दाढांचा ढीग, बाजूला चिमटा आणि पाण्याची लोटी. मी त्याच्या चटईवर बसले. त्याने माझा जबडा धरला आणि बाईंना म्हणाला, "घाबरू नका बाई, दोन झटक्यांत येते." माझ्या छातीत असं धडधडत होतं की पदर हलताना मला दिसत होता. सांगायची वेळ हीच होती. शब्द जिभेवर आले आणि मी ते गिळले.

तेवढ्यात बाईंचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. गर्दीत कुठेतरी दाबून माझ्या डाव्या हातातल्या दोन बांगड्या वाढल्या होत्या आणि तिसरीला तडा गेला होता. बांगडी फुटली हा शब्द आमच्याकडे तोंडातून काढत नाहीत. अशा हाताने सवाशिणीच्या अंगातलं रक्त निघू देणं बाईंना शक्यच नव्हतं. "थांब बाबा," त्या त्याला म्हणाल्या, "आधी हात भरतो इचा, मग काय काढायचं ते काढ." तो कुरकुरला, "बाई, दाढ तोंडात हाये, हातात नाई!" पण बाईंनी मला उठवलं.

चार पावलांवर चांद्याहून आलेली एक म्हातारी मुसलमान बांगड्यावाली टोपली घेऊन बसली होती. तिने माझा हात मांडीवर घेतला, बोटं दाबली, आणि ही मंडळी नेहमी म्हणतात तसं म्हणाली, "हात सैल सोड, बेटी." मी सोडला. दोन बांगड्या चढल्या. तिसरी मनगटाशी आली आणि म्हातारी थांबली. तिचा अंगठा माझ्या नाडीवर होता. तिने माझ्या सुजलेल्या गालाकडे, मग माझ्या गळ्याशी उडणाऱ्या शिरेकडे पाहिलं.

"बेटी, लहानपणी सांधे सुजून बुखार आल्ता काय तुले?"

बाई माझ्या खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. नाही म्हणायला माझं तोंड उघडलंही असेल. पण हात तिच्या हातात सैल पडलेला होता आणि तो मला ओढून घेता येईना. मी मान हलवली. हो.

"माह्या बेटीलेबी आल्ता, धाप लागून अशीच हापायची," ती म्हणाली. "बाजारात दाढ काढली. मंग बुखार आला तो उतरलाच नाई. दीड महिन्यात गेली. नंतर डॉक्टर बोलले, आधी काऊन नाई सांगतलं." आणि तिसरी बांगडी तिने अलगद आत सारली.

 बाईंनी पैसे दिले, दात काढणाऱ्याकडे न पाहता बंडी जुंपायला लावली. सबंध वाट त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, संपलं. घरी जाऊन ट्रंक भरायची.

पण दुसऱ्या दिवशी बाईंनी मला चांद्याला नेलं. तिथे दातांचे शिकलेले डॉक्टर होते. हमाल असो की मास्तर, चिमट्याला हात लावण्याआधी ते प्रत्येकाला तेच प्रश्न विचारत: रक्त थांबायला वेळ लागतो का, लघवीत साखर आहे का, दिवस गेलेत का, पूर्वी मोठं दुखणं झालं होतं का. माझा नंबर आला. मी खाली बघत होते. माझ्याआधी बाई बोलल्या, "लहानपणी सांध्याचा बुखार आल्ता इले. दिल कमजोर हाये. आमाले ठाऊक हाये. आता काय करायचं ते सांगा."

आमाले ठाऊक हाये! आदल्या दिवशीपर्यंत ठाऊक नसलेली गोष्ट त्यांनी आपलीशी करून टाकली होती.

डॉक्टरांनी छाती तपासली. पिकलेल्या दाढेतले जंतू रक्तातून दुखावलेल्या झडपेवर जाऊन बसतात, असं त्यांनी समजावलं. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली, सूज उतरू दिली, काही दिवसांनी पुन्हा इंजेक्शन देऊन मगच दाढ काढली, आणि नंतरही इंजेक्शनं चालू ठेवली. ताप आला नाही.

परतताना बंडीत बाई रागावल्या. मी ज्याची वाट पाहत होते, तो राग मात्र हा नव्हता. "दोन वर्षं घागरी वाहिल्या तू! मले पाप लावलं ना! सांगतलं असतं तर म्या वाहिल्या असत्या." मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "तुया बाप तर लबाडच हाये." त्यानंतर त्या होत्या तोवर मी घागर उचलली नाही.

पुढच्या शिवरात्रीला मी हट्टाने मार्कंड्याला गेले. बांगड्यावाली त्याच जागी होती. मी तिचे पाय धरले तर ती गोंधळली. "मी असं बोलली होती? असन, बेटी. दिवसभर कितीक बायांचे हात धरतो मी." तिला माझा चेहराही आठवत नव्हता. तिने सवयीने माझा हात मांडीवर घेतला.

त्यानंतर गाभाऱ्यात उभी राहिले, तेव्हा मागायला काही सुचेना. वर्षापूर्वी मी मागितलं होतं त्याच्या नेमकं उलट महादेवाने दिलं होतं, आणि त्यामुळेच मी तिथे उभी होते. देव कसा असतो हे मला आजही ठाऊक नाही, बाळांनो. पण नमस्काराला हात जोडते तेव्हा आधी ते सैल सोडते, म्हातारीने शिकवलं तसे. आणि बाईंचं नाव घेते.